टाइट करतोय तरी आवाज वाढतोय!

परवा रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. ‘मामा, टाइट करतोय तरी आवाज वाढतोय!’ मोटरसायकलचं इंजिन चालू, आणि पठ्ठ्याने सिलिंडरच्या मागे बारीक स्क्रू ड्रायव्हर खुपसलेला. म्हटलं, आधी चावी बंद कर, मग बोल.

कारण अर्थातच एक फॉरवर्ड. आमच्या घरच्या ग्रुपवरच तीनदा येऊन गेलाय. मजकूर थोडक्यात असा: इंजिनातून कर्रकर्र आवाज आला म्हणजे टायमिंग चेनचा (इंजिनाच्या आतल्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, गेला. गॅरेजवाला इंजिन खोलून हजारो रुपये उकळेल. त्यापेक्षा गाडी चालू ठेवा, टेन्शनरच्या मागचा छोटा स्क्रू काढा आणि आतला दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवून टाइट करा. आवाज थांबला नाही तर दोन्ही बोल्ट ढिले करून टेन्शनर हाताने आत दाबा आणि परत आवळा. सोबत जाड ऑइल टाका. स्प्लेंडरपासून बुलेटपर्यंत कोणत्याही गाडीला चालतं.

बुलेटचं आधी उरकून टाकतो. जुन्या बुलेटला टायमिंग चेनच नाही हो! व्हॉल्व्ह उघडणारे कॅम खाली, ते गियरवर फिरतात आणि तिथून पुशरॉड (व्हॉल्व्हपर्यंत जोर नेणाऱ्या काड्या) वर जातात. रॉयल एनफील्डच्या 350 ला ही चेन आली ती 2020 च्या मीटिऑरच्या इंजिनापासून. फॉरवर्डसोबतच्या फोटोत तर मागच्या चाकाची चेन आहे. लिहिणाऱ्याने टेन्शनर कधी हातात तरी धरला होता का, अशी शंका येते.

आता ते ‘घड्याळाच्या दिशेने टाइट’. भाच्याच्या गाडीत आहे तसला टेन्शनर बऱ्याच गाड्यांना असतो. आत पिळाची स्प्रिंग, तिच्यावर आटे असलेला दांडा. चेन झिजून सैल होत जाते तशी स्प्रिंग दांड्याला स्वतःच पुढे ढकलते आणि आट्यांमुळे चेन त्याला परत मागे रेटू शकत नाही. म्हणजे टाइट करायला तिथे काही ठेवलेलंच नाही, म्हणून तर त्याला ऑटो टेन्शनर म्हणतात. मागच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घड्याळाच्या दिशेने फिरवला की दांडा टेन्शनरच्या आत येतो. आत! चेन सैल होते. ही सोय टेन्शनर काढण्या-बसवण्यासाठी आहे. भाचा इमानेइतबारे टाइट करत होता आणि प्रत्यक्षात चालू इंजिनाची चेन ढिली पडत होती. आवाज वाढणार नाही तर काय?

आणि पुढची पायरी, चालू गाडीत बोल्ट ढिले करण्याची, ती तर सरळ नुकसानीची. 1400 आरपीएमला क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) सेकंदाला 23 फेऱ्या मारतो, कॅम त्याच्या निम्म्या. या दोघांचा मेळ फक्त त्या चेनवर. चेनने स्प्रॉकेटचे दोन-तीन दात सोडले की टायमिंग गेलं, आणि बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनला भेटतो. वाकलेला व्हॉल्व्ह म्हणजे हेड, इंजिनाचा वरचा भाग, उतरवणं आलं. हजार रुपये वाचवायला निघालेला माणूस तिथे नेमका किती घालवतो, ते गॅरेजवाल्याला विचारा.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. पूर्वी काही गाड्यांच्या टेन्शनरला लॉक बोल्ट असायचा. तो ढिला केला की स्प्रिंग चेनची ढील काढायची, मग बोल्ट परत आवळायचा. तीच रीत कुणीतरी अर्धवट ऐकून सगळ्या गाड्यांना लावलेली दिसते. आणि नुसता टेन्शनर बदलायला इंजिन खोलावं लागत नाही, हेही खरं. दोन बोल्ट, एक गॅस्केट आणि काही शे रुपयांचा पार्ट. त्यासाठी कुणी पूर्ण इंजिन उतरवायला सांगत असेल तर जरूर दुसरीकडे दाखवा. पण चेन लांबली असेल किंवा ती ज्यावर घासते तो आतला पॅड खाल्ला गेला असेल तर मॅग्नेट साइड उघडावी लागते, त्याला इलाज नाही.

जाड ऑइलने आवाज दबतो, झीज थांबत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेली ग्रेडच टाका, आणि त्याआधी लेव्हल बघा.

आवाज आला म्हणजे टेन्शनरच, हेही खोटं. थंड गाडी सुरू केल्यावर काही सेकंद खडखड, मग थांबते, किंवा आयडलला येते आणि थ्रॉटल दिला की जाते, तर संशय टेन्शनरवर घ्या. हेडमधून एकसारखी टिकटिक, रेस वाढवली की वाढणारी, ती बहुधा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या फटीची. ते गाडी थंड असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) बघायचं.

तपासायचंच तर होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या जातीच्या टेन्शनरची परीक्षा तीन वाक्यांत दिलेली आहे: बाहेर काढलेल्या टेन्शनरचा दांडा दाबला तर आत जाता कामा नये, घड्याळाच्या दिशेने फिरवला तर आत यायला हवा, सोडला की लगेच बाहेर उडी मारायला हवा. माझा सगळा भरवसा या तीन ओळींवर आहे, फॉरवर्डवर नाही.

रविवारी तेच केलं. इंजिन थंड. प्लग काढून, क्रँक हाताने फिरवून टी खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) जुळवली, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला. दांडा आत ओढून अडकवला, मग दोन बोल्ट काढले. टेन्शनर बाहेर असताना किकला पाय लावायचा नाही की क्रँक फिरवायचा नाही, हे भाच्याला दोनदा बजावलं. तो टेन्शनर त्याच्याच हातात दिला. अंगठ्याने दाबला तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत. पहिल्याच वाक्यात नापास.

नवा बसवला, नवी गॅस्केट घातली. अडकण काढली तशी आतून ‘टक’ ऐकू आलं. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खूण परत बघितली आणि मगच स्टार्टर मारला. खडखड गेली. थोडी टिकटिक उरली आहे, ती टॅपेटची. तोवर गाडी गरम झाली होती, म्हणून ते काम पुढच्या रविवारवर ढकललं.