‘पास’ म्हणजे ठणठणीत नव्हे

ब्रिटनमध्ये जुनी गाडी विकणारे ‘एमओटी (म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) नुकतीच पास झाली आहे’ एवढेच सांगतात आणि गाडी पास करतानाच तपासनिसाने नोंदवलेल्या, दोषांकडे लक्ष वेधणाऱ्या सूचनांविषयी मौन बाळगतात, याचा मला मनस्वी संताप येतो. माझ्या बारा वर्षांच्या गाडीच्या नोंदीत ब्रेकच्या पाइपला गंज चढल्याचे आणि सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी भाग) झिजल्याचे सलग तीन वर्षे लिहिलेले होते. आधीच्या मालकाने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि यंदा गाडी नापास होऊन सारा भुर्दंड माझ्यावर पडला. नंबरप्लेटवरून हा इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो, तोही मी वेळेवर पाहिला नाही. विझलेला बल्ब किंवा नक्षी १.६ मिलिमीटरखाली झिजलेला टायर निदान दिसतो. गंजलेला पाइप गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि ब्रेक मात्र त्याच्याच भरवशावर लागतात.