अडकलेला फ्युएल फिल्टर आणि तो लायटरवाला मेसेज

रविवारी सकाळी मेव्हण्याचा फोन. "दाजी, लायटरने भागेल की हीट गन आणू?" साहेब गाडीखाली आडवे झाले होते. पेट्रोल गाडीचा फ्युएल फिल्टर निघत नव्हता आणि हाताशी एक मेसेज होता: "अडकलेला फ्युएल फिल्टर ५ मिनिटांत काढा, मेकॅनिक विसरा." टाकीचं झाकण उघडा, प्रेशर जातं. जोड आगीने तापवा. नाही निघाला तर पक्कडीने पिळा. शेवटी फिल्टरच्या डब्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरवा. आठवड्यात हा मेसेज मला तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहायला बसलो.

आधी आगीचं बघू. पेट्रोलची कुठलीही सेफ्टी डेटा शीट, म्हणजे धोक्यांची माहिती देणारा कागद, उघडा. फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे फ्रीजरमध्ये ठेवलेलं पेट्रोलसुद्धा ठिणगी पडली की पेटेल एवढी वाफ सोडत असतं. त्याच शीटवर पुढे लिहिलेलं असतं की ही वाफ हवेपेक्षा जड, तिप्पट-चौपट. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. आणि तुम्ही नेमके तिथेच, पाठीवर. हवेत दीड टक्का वाफ झाली तरी पेटायला पुरे. "मी पेट्रोलला थोडीच ज्योत लावतोय, जोड तापवतोय," असं मेव्हणा म्हणाला. अरे बाबा, वाफ ज्योतीपर्यंत स्वतः चालत येते. आणि अर्धा तास हिसके दिल्यावर तो जोड कोरडा राहिला असेल, ही खात्री कोण देणार?

हीट गनला ज्योत नसते, हेही ऐकून झालं. तिची हवा सहज ५०० अंशांवर जाते. पेट्रोलला ठिणगीशिवाय पेटायला ३०० सुद्धा लागत नाहीत. शिवाय बऱ्याच गाड्यांत तिथला पाइप नायलॉनचा आणि आतली रिंग रबराची. नट सुटायच्या आधी तेच वितळायचे.

एवढं मान्य करतो की गंजलेला नट तापवला की सुटतो. सायलेन्सरचे नट मीही तापवून काढलेत. पण सायलेन्सरमधून पेट्रोल वाहत नाही.

आता झाकण. ते उघडल्याने टाकीतला दाब जातो, पाइपमधला नाही. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टरच्या लाइनला साधारण ३ ते ४ बार दाब असतो, टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो, कारण तो टिकावा म्हणून पंपातच व्हॉल्व्ह दिलेला असतो. जोड सुटला की फवारा थेट तोंडावर. त्यापेक्षा फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, वर दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तरीही थोडं पेट्रोल सांडतंच, तेव्हा खाली भांडं आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

आता पक्कड. पाइप फिल्टरला क्लिपने जोडलेला असेल तर पक्कडीने त्या क्लिपचे कान (दाबायच्या पट्ट्या) तुटतात, नायलॉनला चीर जाते. क्लिपचा जोड अडकतो तो बहुतेक वेळा आत बसलेल्या धूळ-वाळूने. ती ब्रशने साफ करा. मग पाइप आधी फिल्टरच्या दिशेने आत ढकला, कान दाबा आणि त्यानंतर ओढा. सगळे नुसते ओढत बसतात, आणि ओढल्याने क्लिपची पकड आणखी घट्ट होते. जोड आट्यांचा असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. एक पाना फिल्टरवर धरा, दुसऱ्याने नट फिरवा. दुसरा पाना फ्लेअर नटचाच हवा, म्हणजे नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा; साध्या फिक्स पान्याने नटाच्या कडा गोल होतात.

स्क्रू ड्रायव्हरची युक्ती ऑइल फिल्टरची आहे, आणि तिथेही डबा फाटून बूड जागेवर राहिल्याची उदाहरणं आहेत. लाइनमध्ये बसवलेला पेट्रोल फिल्टर फिरवून निघतच नाही. मग भोक कशासाठी पाडायचं?

मेव्हण्याला फ्यूजपासून सगळं पुन्हा करायला लावलं. तासाभराने फोन आला: "निघाला, दाजी. वाळू होती." नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे आहे ना, एवढं तेवढ्यात विचारून घेतलं. तो मेसेज मात्र त्याने घरच्या ग्रुपवर टाकलाय, तो अजून तिथेच आहे.