‘खय’ की ‘खंय’: आमच्या मालवणी कथासंग्रहावरील अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या मालवणी कथासंग्रहाला आपण दोन तारे दिले आहेत. ‘खंय’ (म्हणजे ‘कुठे’) हा एकच शब्द दोन तऱ्हांनी छापल्यामुळे मुद्रितशोधन झालेलेच दिसत नाही, १४४ पानांना २८० रुपये जास्त आहेत आणि पुस्तक पोहोचायला ११ दिवस लागले, अशा आपल्या तक्रारी आहेत.

पहिली तक्रार खरी आहे, मात्र कारण उलटे आहे. मुद्रितशोधन झाले, आणि नको तितके झाले. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांपासून प्रमाण मराठीत अनुच्चारित अनुस्वार लिहिले जात नाहीत. हात त्याच वळणाचा असल्यामुळे आमच्या मुद्रितशोधकांनी सुरुवातीच्या कथांतले अनुस्वार काढून टाकले. मालवणीत हे अनुनासिक उच्चार स्वच्छ ऐकू येतात, त्यामुळे ‘खंय’चे ‘खय’ करणे ही सुधारणा नव्हे. लेखिकेच्या हे ध्यानात आले तोवर ९ फर्म्यांपैकी (एका वेळी छापल्या जाणाऱ्या १६-१६ पानांच्या गठ्ठ्यांपैकी) ३ छापून झाले होते आणि ते रद्दीत घालण्याची आमची ऐपत नव्हती. निदान शुद्धिपत्र तरी जोडायला हवे होते. तेही आम्ही केले नाही, याबद्दल दिलगीर आहोत.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवून मालवणी संवादांपुरतीच वापरावी, ही आपली सूचना मात्र आम्हाला मान्य नाही. माणसाने बोलायचे मालवणीत आणि त्याच्याविषयी सांगायचे पुस्तकी मराठीत, असे केले तर बोली स्वतःच्याच घरात पाहुणी होते.

किमतीबद्दल थोडक्यात सांगतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण त्यामुळेच कागद-छपाईवर भरलेल्या कराची वजावट आम्हाला मिळत नाही. विक्रेत्याची ४० टक्के सूट वजा जाता हाती १६८ रुपये उरतात, आणि ५०० प्रतींच्या आवृत्तीत कागद, छपाई, मुखपृष्ठ व लेखिकेचे मानधन त्यातूनच भागवायचे असते.

पुस्तके आम्ही टपाल खात्याच्या ‘ज्ञान पोस्ट’ने पाठवतो. मे २०२५मध्ये सुरू झालेल्या या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये (कर वेगळा) पडतात, पण टपाल रस्त्याने किंवा रेल्वेने जात असल्यामुळे वेळ लागतो. मागणी नोंदवतानाच हे सांगणे आमचे काम होते. आता तशी सूचना टाकली आहे.

आपला मागणी क्रमांक कळवल्यास शुद्धिपत्र लगेच पाठवतो. दुसरी आवृत्ती निघाली की दुरुस्त प्रत आमच्या खर्चाने येईल, अर्थात ज्ञान पोस्टनेच.

आपला,
प्रकाशक