किमान वेतन द्यावं कसं आणि परत घ्यावं कसं

मनुष्यबळ पुरवण्याच्या टेंडरमध्ये मजुरीचा दर सरकारच्या किमान वेतन अधिसूचनेतून उचललेला असतो, म्हणजे सगळ्यांना सारखाच. पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), बोनसही ठरलेले. स्पर्धा उरते फक्त सेवाशुल्काची, म्हणजे ठेकेदाराच्या स्वतःच्या वाट्याची. तिथे तुम्ही बेधडक शून्य भरा. शून्य चालत नसेल तर 0.01 टक्का. एवढ्यात सुपरवायझरचा पगार, ऑफिसचं भाडं आणि बिल निघेपर्यंतचं व्याज कसं भागवणार, असं कुणी विचारत नाही. एल-वन (सगळ्यात कमी बोलीवाला) ठरल्याच्या आनंदात असे प्रश्न सुचत नसतात.

भागवायचं ते असं. पगार बँकेतच जमा करा, पूर्णच्या पूर्ण. पासबुकात एक रुपया कमी दिसता कामा नये. फक्त कामावर घेतानाच एटीएम कार्ड आणि पिन सुपरवायझरकडे ‘सांभाळायला’ ठेवून घ्या. पगार पडला की तो रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा घेऊन मशीनपुढे उभा राहील, एकेक कार्ड घालून पैसे काढील, तुमचा वाटा बाजूला ठेवील आणि उरलेले पाकिटातून वाटील. तपासणीला कुणी आलंच तर बँकेचं स्टेटमेंट पुढे करा. कागद अगदी स्वच्छ!

बँकेची भानगड नको असेल तर हजेरी आहेच. माणूस 26 दिवस राबवा, मस्टरवर (हजेरीपटावर) 16 दिवस लावा. रोजचा दर कायदेशीर राहतो, पीएफही 16 दिवसांवरच भरावा लागतो. गोची एकच: उरलेल्या दहांपैकी एखाद्या दिवशी तो शिडीवरून पडला, तर मस्टरप्रमाणे तो तिथे नव्हताच. तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलावण्याआधी पेन शोधा.

सुरक्षारक्षकांत तर खरी मलई. दिवस आठ तासांचा धरला तर 12 तासांच्या ड्युटीत चार तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने. आठ अधिक आठ, सोळा तासांचे पैसे. म्हणजे बारा तासांना एकच पगार देणारा किमान वेतनाच्या बरोब्बर निम्मं देतो. म्हणून त्याला ओव्हरटाइम म्हणायचं नाही, ‘आपल्याकडे ड्युटीच बाराची’ म्हणायचं.

वेल्डरला रजिस्टरवर हेल्पर लिहून अकुशलाचा दर देणं तुम्हाला शिकवायला नको. मूळ वेतन कमी दाखवून भत्ते फुगवायची युक्ती मात्र विसरा. 2019 च्या वेतन संहितेत वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले की वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

शिक्षेची फार धास्ती नको. 1948 च्या किमान वेतन कायद्यात दंड 500 रुपयांपर्यंत होता. सोबत सहा महिन्यांची कैदही लिहिली होती, पण ती वाचायची कशाला? संहितेने दंड 50,000 पर्यंत नेला, पाच वर्षांत पुन्हा दोषी ठरलात तर तीन महिने कैद किंवा एक लाख, किंवा दोन्ही. शिवाय बुडवलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई, दाव्याला तीन वर्षांची मुदत, आणि पैसे दिल्याचं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. म्हणून कोऱ्या व्हाउचरवर सह्या आधीच घेऊन ठेवा. दावा करणारा उद्या कामावर येणार नाही, हे त्यालाही ठाऊक असतंच.

‘किमान वेतन परवडत नाही’ हे भाषणात खुशाल म्हणा, कोर्टात नको. निदान किमान वेतन देता येत नसेल तर त्या उद्योगाला अस्तित्वाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये क्राउन ॲल्युमिनियम प्रकरणात म्हणून ठेवलंय. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजे राज्यघटनेच्या कलम 23 खालची वेठबिगारी, इथवर मजल गेली.

भाषणाला उदाहरण लागेल. त्याच टेंडरमध्ये आठ टक्के सेवाशुल्क भरणारा एक वेडा होता. रक्षकांना तीन पाळ्या लावायचा, कार्डं ज्याची त्याच्याकडे ठेवायचा. तीन वर्षं एकही टेंडर न मिळाल्याने त्याने गाशा गुंडाळला असेल. त्याचं नाव घ्या, आवाज थोडा कापरा करा आणि सांगा: किमान वेतनाने मारलेला लघुउद्योजक.