दोन अथेन्स आणि एक आर्या

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा अटलांटातल्या आम्हा मराठी मंडळींच्या फोनवर दिवसभर पेढ्यांची चित्रे येत होती. आनंद मलाही झाला. मात्र त्यानंतर तिकडून कानावर येणारा वाद निधी किती मिळणार आणि श्रेय कोणाचे याभोवतीच फिरत राहिला; ज्या हालाच्या ‘गाथासप्तशती’चा, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या प्राचीन गाथांच्या संग्रहाचा, दाखला आपण भाषेच्या प्राचीनतेसाठी देतो, ती आज वाचते कोण, हे फारसे कुणी विचारले नाही. मला तो प्रश्न पडला एका अमेरिकन कवयित्रीमुळे.

ए. ई. स्टॉलिंग्ज १९६८ साली इथल्याच, अटलांटाला लागून असलेल्या डिकेटरमध्ये जन्मल्या. ग्रीक-लॅटिन या अभिजात भाषांचे शिक्षण त्यांनी आधी जॉर्जियातल्या अथेन्स नावाच्या गावी आणि मग ऑक्सफर्डला घेतले, आणि १९९९ पासून त्या ग्रीसमधल्या मूळ अथेन्समध्ये राहतात. म्हणजे आमच्यासारख्याच परदेशस्थ, फक्त उलट्या दिशेच्या. अमेरिकन कवितेत मुक्तछंदाचा दबदबा असताना त्यांनी वृत्त आणि यमक सोडले नाही. २०११ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि २०२३ साली ऑक्सफर्डचे काव्य-प्राध्यापकपद.

मला अधिक महत्त्वाची वाटतात ती त्यांची भाषांतरे. प्राचीन रोमन कवी ल्युक्रेशियसचे अणू आणि पोकळी यांवरचे सात हजारांहून अधिक ओळींचे लॅटिन काव्य त्यांनी २००७ साली इंग्रजीत आणले, तेही चौदा अक्षरी, सयमक ओळींत. मुळात यमक नाही. शिवाय ही लांब ओळ कधी कधी पोवाड्याच्या चालीवर धावते आणि तत्त्वज्ञान मागे राहते, हे कबूल केले पाहिजे. तरीही ते काव्य काव्य म्हणून वाचता येते. पुढे २०१८ साली त्यांनी प्राचीन ग्रीक कवी हेसिअडचे ‘वर्क्स अँड डेज’ भाषांतरित केले. वाटणीवरून भावाशी तंटा, लाच खाणारे न्यायनिवाडे करणारे, नांगरणीचा हंगाम आणि कर्जाची धास्ती: आपल्याकडच्या कोणत्याही गावात ही भाऊबंदकी ओळखीची वाटेल. ग्रीस स्वतः कर्जाच्या खाईत असलेल्या वर्षांत अथेन्समध्ये राहणाऱ्या भाषांतरकर्तीला हे काव्य जुनेपुराणे वाटले नसणार.

परदेशात बसून सल्ले देणे सोपे असते, हा तिकडचा आक्षेप मला मान्य आहे. भाषांतराची परंपराही आपल्याकडे कमी नाही: विनोबांची ‘गीताई’ आहे, कुसुमाग्रजांपासून शांता शेळक्यांपर्यंत अनेकांचे ‘मेघदूत’ आहे. पण हे सारे संस्कृतातून आले. मराठीची पूर्वज मानल्या जाणाऱ्या ज्या महाराष्ट्री प्राकृतावर आपण हक्क सांगतो, तिच्या गाथांसाठी स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली केवढी मोठी आवृत्ती सिद्ध केली. त्यानंतर पिढीगणिक नवे कवी या गाथांशी झुंजले, असे काही घडले नाही. इंग्रजीत दर पिढीला होमरचे नवे भाषांतर, नवा होमर येतो आणि तो जुन्याशी भांडतो. अभ्यासकाची आवृत्ती पाया असते, तिच्यावर घर बांधायला कवीच लागतो.

शिवाय गाथेचे वृत्त काही परके नाही. ती आपली आर्याच, मोरोपंतांनी घराघरांत पोहोचवलेली. इथल्या शनिवारच्या मराठी वर्गासाठी मी स्वतः एक गाथा आर्येत बसवू पाहतो आहे. बारा, अठरा, बारा मात्रा जमतात. शेवटच्या पंधरांपाशी अजून गाडी अडते.