चार्टर शाळांचा कायदा आणि ऑलिम्पियातील बंद कागद

४ सप्टेंबर २०१५ रोजी, लेबर डेच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार्टर शाळांचा कायदा घटनाबाह्य ठरवला. राज्यात तेव्हा अशा ९ शाळा होत्या. त्यांतील ८ नुकत्याच उघडल्या होत्या आणि सुमारे १,२०० मुलांचे वर्ग सुरू झाले होते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या, फी न घेणाऱ्या या शाळांचा कारभार नेमलेल्या मंडळाकडे असतो, आणि न्यायालयाचा आक्षेप नेमका त्यावर होता. ज्या शाळेवर मतदारांनी निवडलेल्या मंडळाचा ताबा नाही, ती घटनेतील ‘कॉमन स्कूल’, म्हणजे राज्याच्या शाळानिधीला पात्र असलेली सार्वजनिक शाळा नव्हे, हा १९०९ सालचा निर्णय बहुमताने आधाराला घेतला.

त्या मुलांच्या आईवडिलांवर जी पाळी आली, तिचे मूळ मला कायदा घडवण्याच्या रीतीत दिसते. १९९६, २००० आणि २००४ अशा तीन वेळा मतदारांनी चार्टर शाळा नाकारल्या होत्या. २०१२ मध्ये ‘इनिशिएटिव्ह १२४०’ हा थेट मतदानाला ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव जेमतेम बहुमताने मंजूर झाला. त्या मोहिमेला बिल गेट्स यांनी तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली, हे कोणालाही पाहता येत होते, कारण देणग्यांची नोंद राज्यात जाहीर होते. मात्र मसुद्यातला एक शब्दही बदलण्याची सोय मतदाराकडे नव्हती. त्याने फक्त हो किंवा नाही एवढेच सांगायचे होते. शाळेवर ताबा कोणाचा, हा प्रश्न विधिमंडळाच्या समितीच्या टेबलावर कलमागणिक तपासला जायला हवा होता.

२०१६ च्या हिवाळ्यात विधिमंडळाने नवा कायदा हाती घेतला, तेव्हा बेलव्ह्यूहून साठेक मैल गाडी चालवून मी राज्याच्या राजधानीत, ऑलिम्पियाला, सुनावणीला गेलो. नाव नोंदवताना बाजूने, विरोधात की इतर, हे सांगावे लागते. मी ‘इतर’ निवडले. माझ्या शेजारी बसलेल्या एका आईने दोन पाने लिहून आणली होती. बोलणाऱ्यांची गर्दी पाहून प्रत्येकाचा वेळ कमी केल्याचे जाहीर झाले, आणि ती मांडीवरच्या कागदावरची एकेक ओळ पेनने खोडू लागली. शेवटी मुलाचे नाव, त्याची इयत्ता आणि एक विनंती, एवढेच तिच्या हातात उरले. पुढे कायदा झाला, पैसा लॉटरीच्या उत्पन्नातून देण्याचे ठरले आणि राज्यपाल जे इन्स्ली यांनी सही न करताच तो अमलात येऊ दिला. २०१८ मध्ये न्यायालयाने तो बहुतांशी वैध ठरवला.

या कायद्यातली एक तरतूद मला मनापासून पटते. चार्टर शाळेच्या मंडळाच्या बैठका खुल्या असल्या पाहिजेत आणि त्याची कागदपत्रे मागणाऱ्याला मिळाली पाहिजेत. परंतु हे बंधन घालणारे आमदार त्या काळात स्वतःचे ईमेल आणि टिपणे सार्वजनिक नोंदींच्या कायद्याबाहेर आहेत असे मानत होते. शाळेच्या मंडळाने निर्णय कसा घेतला याचे कागद पालकाला मागता येतील, पण ती शाळा ज्या कलमामुळे उभी राहिली, ते कलम कोणाशी बोलून लिहिले गेले हे मागता येणार नाही, ही स्थिती मला मान्य नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर आमदारांनी स्वतःला सूट देणारे विधेयक कोणतीही रीतसर जनसुनावणी न घेता अवघ्या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून मंजूर करून घेतले. वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर अग्रलेख छापले, हजारो नागरिकांनी पत्रे आणि फोन केले, तेव्हा राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने आमदारांनाही सार्वजनिक नोंदींचा कायदा लागू असल्याचे सांगितले. त्यानंतरही ‘विधायक विशेषाधिकारा’चे, म्हणजे आमदारांना कायदे करण्याच्या कामात असलेल्या खास संरक्षणाचे, नाव पुढे करून कागद रोखले गेले आहेत.

यापेक्षाही मला शीर्षकापुरत्या विधेयकांची काळजी वाटते. असे विधेयक उघडून पाहिले तर वर ‘शिक्षणासंबंधी’ एवढे शीर्षक असते आणि खाली या कायद्याला अमुक नावाने ओळखावे, इतकेच एक वाक्य. घटनेनुसार अधिवेशनाच्या शेवटच्या दहा दिवसांत दोनतृतीयांश मतांशिवाय नवे विधेयक मांडता येत नाही, म्हणून ही रिकामी पाकिटे आधीच नोंदवून ठेवतात आणि मजकूर ऐनवेळी भरतात. शाळेच्या पैशाचा आणि ताब्याचा मजकूर असा आला, तर ती आई काय वाचून साक्ष देणार?

ही प्रथा बंद करायला घटनादुरुस्ती लागत नाही, दोन्ही सभागृहांना आपापल्या नियमांत बदल करून ती थांबवता येते. माझ्या मतदारसंघातील सिनेटर आणि दोन्ही प्रतिनिधींना मी हेच लिहून पाठवले आहे.