"प्लॅटिनम आहे? मग अर्धेच देईन"

परवा एक मुलगा म्हापशाहून माझ्या जुन्या पीएस-टूच्या (सोनीचं गेमचं मशीन, प्लेस्टेशन २) डिस्क बघायला आला. जुने गेम जमवणाऱ्यांतला. गाड्यांच्या शर्यतीचा 'ग्रॅन टुरिस्मो ३' उजेडात तिरकी धरून चरे तपासले, कव्हर उलटंपालटं केलं आणि तोंड वाकडं करत म्हणाला, "प्लॅटिनम आहे? मग अर्धेच देईन." मी डिस्क काढून घेतली. चहा मात्र पाजला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेम दणकून खपला की काही काळाने कंपनी तोच गेम नव्या कव्हरात, कमी किमतीला पुन्हा काढायची. सोनीचं युरोपातलं चंदेरी कव्हर म्हणजे 'प्लॅटिनम'. अमेरिकेत 'ग्रेटेस्ट हिट्स': पहिल्या प्लेस्टेशनला हिरवा पट्टा, पीएस-टूला लाल. निन्टेन्डो या दुसऱ्या गेम कंपनीचं 'प्लेअर्स चॉइस' १९९६ चं, आणि ते नाव सुरुवातीला दहा लाख प्रती खपलेल्या गेमलाच मिळायचं. म्हणजे चंदेरी कव्हर ही पडेल मालाची खूण नव्हती, उलट होती. आत गेम तोच, क्वचित जास्तच. 'सायलेंट हिल २' च्या ग्रेटेस्ट हिट्स आवृत्तीत तर मूळ डिस्कवर नसलेलं एक अख्खं उपकथानक आहे!

आमच्या घरी हे कव्हर मामामुळे आलं. मामा बोटीवर, क्रूझच्या किचनमध्ये. २००५ साली पीएस-टू त्यानेच युरोपातून आणला. भाचे आम्ही चौघे, त्यामुळे त्याचा हिशेब सरळ होता: एका नव्या गेमच्या पैशांत चंदेरी दोन येतात. एकदा त्याची बोट मायामीला लागली आणि तिथून त्याने लाल पट्ट्याचा 'गॉड ऑफ वॉर' आणला. चवथीचे दिवस, फोंड्याचं जुनं घर, शेजारच्या खोलीत माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधणं चाललेलं आणि आम्ही चौघे टीव्हीला नाक लावून. डिस्क घातली तर पडद्यावर लाल धूर आणि एरर. मामाने ती बनियनला पुसून तीनदा घातली. शेवटी धाकटा ओरडला, "हें चलना मरे!" अमेरिकन डिस्क युरोपच्या मशीनवर चालत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं. चिप बसवली असती तर चालली असती, बाजारात मिळणाऱ्या कॉपी डीव्हीडीही चालल्या असत्या. पण मामा मशीन खोलू देईना. त्यामुळे आमचं बालपण चंदेरी कव्हरांवरच गेलं.

आता लोक म्हणतात, ही 'प्लॅटिनम'सारखी लेबलं कशाला हवीत, ऑनलाइन सेल असतोच की. असतो. मीही रात्री बारापर्यंत जागून घेतलेत गेम. पण सेल म्हणजे कंपनीची लहर. मंगळवारी सत्तर टक्के सूट, बुधवारी पुन्हा पूर्ण भाव. लेबल लागलं की उतरलेली किंमत उतरलेलीच राहायची, ज्याच्याकडे पैसे उशिरा येतात त्याला घाई नसायची. आणि सेलमध्ये घेतलेला गेम शेजाऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या मशीनांचं ऑनलाइन दुकान बंद केलं, त्यानंतर तिथे नवीन काही विकतच घेता येत नाही. माझी डिस्क पावसाळ्यात फार तर बुरशी धरते, ती मी पुसतो.

सोनीने २०१८ ला 'प्लेस्टेशन हिट्स' काढून पीएस-फोरचे गाजलेले गेम अमेरिकेत वीस डॉलरला दिले तेव्हा बरं वाटलं होतं. निन्टेन्डोचं मात्र कळत नाही. त्यांच्या 'वी' मशीनच्या काळात 'सिलेक्ट्स' हे स्वस्त लेबल होतं, पुढच्या 'स्विच' मशीनला ते दिलंच नाही. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' २०१७ चा, साठ डॉलरचा, आणि वर्षानुवर्षं तेवढ्यालाच! गेम स्वस्त केला की त्याची किंमत मनातून उतरते असं त्यांना वाटत असावं. पटत नाही. आमच्या मनातून 'ग्रॅन टुरिस्मो' कधी उतरला?

असो. माझ्या भाच्याचा पीएस-फाइव्ह बिनडिस्कवाला आहे, चवथीला येताना तो नुसता चार्जर घेऊन येतो. यंदा पीएस-टू फोंड्याला नेणार आहे. लेन्स कुरकुरते, चाललं तर चाललं. मायामीचा 'गॉड ऑफ वॉर' अजून सीलच्या तुकड्यासकट कपाटात आहे. म्हापशाच्या त्या मुलाला तो दाखवलाच नाही.